महालाचं रंगकाम

चौकातल्या ब्रुनोनं आइसक्रीमच्या दुकानाबाहेरच्या खुर्च्या एकात एक अडकवून साखळीनं बांधल्या, की आमच्या गावातला उन्हाळा अधिकृतपणे संपतो. मग फेब्रुवारी सरेपर्यंत ब्रुनो इटलीत आणि आम्ही धुक्यात. जर्मनीत, बॉबलिंगेनच्या पलीकडं, दोन टेकड्यांमधल्या बशीत आमचं गाव आहे. ऑक्टोबरात त्या बशीत धुकं असं ओततात की मागं एकदा मी सकाळी पाव आणायला निघालो, भलत्याच घरात शिरलो, तिथं कॉफी प्यालो, त्यांच्या मुलाचं गणित तपासलं आणि परत आल्यावर लक्षात आलं, पाव राहिला. यातला पाव राहिला एवढा भाग शंभर टक्के खरा आहे. बाकीचाही घडता घडता राहिला.

एक आधीच सांगून ठेवतो. मी खोटं बोलत नाही. मी ब्रेक तपासणारा इंजिनीअर आहे. दिवसभर दशांश चिन्हाच्या पुढं तीन घरं खरं बोलतो आणि संध्याकाळी उरलेलं बोलतो. खऱ्याला तव्यावरून उचलून जरा विस्तवावर धरलं की ते टम्म फुगतं. भाकरी तीच असते. पण एका ऑक्टोबरात माझी एक भाकरी इतकी फुगली की तिच्या वाफेनं माझाच हात भाजला. ब्रुनोच्या खुर्च्या दिसल्या की ते सगळं दर वर्षी आठवतं. यंदा जरा जास्तच, कारण येत्या शनिवारी सकाळी सहाला बस आहे. बसचं शेवटी सांगतो.

आमच्या गावाला इटलीत एक बहीण आहे. इकडं गावांना मानलेल्या बहिणी असतात. वेशीवरच्या पाटीवर त्यांची नावं लिहितात. वर्षातून एकदा, द्राक्षं उतरली की, आमच्याकडून तिकडं बस जाते. बसमध्ये गायनमंडळ, अग्निशामक दलाची मंडळी, उपमहापौर, आणि एखादी जागा उरली तर एखादा इंजिनीअर. चार वर्षांपूर्वी तो इंजिनीअर मी होतो.

त्या बहिणीच्या चौकात नगरपालिका आहे, पण नगरपालिका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे येतं ते आधी पुसून टाका. तो महाल आहे. खाली कमानी, कमानींत कबुतरं, वर घड्याळाचा मनोरा. आत दगडी जिन्याच्या पायऱ्या शेकडो वर्षांच्या पायांनी मधोमध झिजलेल्या, साबणाची वडी झिजते तशा. तळमजल्यावर लोक जन्माचे दाखले घेतात, मधल्या मजल्यावर सभा भरते आणि लग्नं लागतात, आणि सगळ्यात वर गावाचं सार्वजनिक वाचनालय. लांबलचक दालन, अक्रोडाच्या लाकडाची छतापर्यंतची कपाटं, आणि छतावर अख्खा स्वर्ग रंगवलेला. ढगांत बसलेल्या बायका, हातात पुस्तकं. त्याखाली एक म्हातारा गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून वर्तमानपत्र वाचत होता, जणू डोक्यावर पत्रा असावा. मला त्या म्हाताऱ्याचं फार कौतुक वाटलं. स्वर्ग रोजचा झाला की असं वर्तमानपत्र वाचता येतं.

मी फोटो काढला आणि भाऊंना पाठवला. भाऊ म्हणजे माझे वडील. बोटांनी सरळ लिहायला हवं होतं, 'इटलीतलं एक वाचनालय'. बोटांनी लिहिलं, 'हे आमच्या गावचं वाचनालय.' भाऊंचं उत्तर आलं, 'भव्य. मराठी पुस्तके आहेत का?' आता ज्या माणसाला तुम्ही नुकताच महाल दाखवलाय त्याला कपाट नाही म्हणायचं, हे बरं दिसतं का? मी लिहिलं, 'एक पूर्ण कपाट आहे.'

भाऊ कोण ते कळल्याशिवाय माझा गुन्हा किती मोठा ते कळायचं नाही. भाऊ आमच्या तालुक्याच्या गावी सदतीस वर्षं ग्रंथपाल होते. ते वाचनालयही नगरपालिकेतच, वरच्या मजल्यावर. खाली आगीचा बंब उभा असे. रोज सकाळी बंब चालू करून बघत, तेव्हा वर कादंबऱ्या फळीवरून दोन बोटं पुढं सरकत आणि संध्याकाळी भाऊ त्या मागं ढकलत. गावात आग क्वचितच लागे. पुस्तकं मात्र रोज हलायची. वाचनालयात आलेलं पुस्तक भाऊ पहिल्या दिवशी कुणाला देत नसत. आधी खाकी कागदाचं कव्हर. डिंक नाही, चिकटपट्टी नाही, नुसत्या घड्या. असं की पुस्तक पावसात पडलं तरी आतल्या मुखपृष्ठाचा रंग उडणार नाही. मग पाठीवर बोरूनं नंबर. मग शिक्का. शिक्का पहिल्या पानावर तर असेच, शिवाय एकवीस नंबरच्या पानावर. ते गुप्त पान. पहिलं पान फाडून पुस्तक आपलं म्हणणारा चोर एकविसाव्या पानावर सापडतो, हे भाऊंचं सगळं गुन्हेशास्त्र. आणि शेवटी दाखल रजिस्टर. त्या रजिस्टरात सदतीस वर्षांत एक खाडाखोड नाही. भाऊ म्हणत, "आधी पुस्तक हातात, मग नोंद. नोंद आधी आणि पुस्तक मागाहून, असं करतो तो ग्रंथपाल नव्हे, तो पुढारी."

अशा माणसानं माझा फोटो मोठा करून, चौकट घालून वाचनालयात लावला. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'जर्मनीतील सार्वजनिक वाचनालय. येथे मराठी कपाट आहे.' आणि पुढच्या वर्षी फोन आला. "व्हिसा झाला. ऑक्टोबरात येतो. वाचकांनी तुमच्या कपाटासाठी पुस्तकं दिलीत. एकतीस आहेत. कपाटात लावून फोटो आणतो, असा शब्द दिलाय मी सगळ्यांना."

फोन ठेवला तेव्हा मी खिडकीतून बघत होतो. बाहेर धुकं नव्हतं. नेमकं पाहिजे तेव्हा नसतं.

आमच्या गावचं खरं वाचनालय, म्हणजे श्टाटब्यूशराय, राटहाउसला खेटून आहे. राटहाउस म्हणजे इथली नगरपालिका. जुनी, लाकडी पट्ट्यांची, कुंड्यांतून लाल फुलं लोंबणारी, फोटोला गोड. तिच्या शेजारी काँक्रीटचा एक चौकोनी डबा ठेवलाय, ते वाचनालय. आत नारिंगी गालिचा, कुणाच्या तरी तरुणपणी फॅशनमध्ये असलेला. छत इतकं खाली की स्वर्ग रंगवायचा तर आडवं पडून बघावा लागेल. पण डब्यात ऊब असते. ऑक्टोबरात शाळा सुटल्यावर पोरं ओले बूट दाराशी काढून त्या गालिच्यावर पालथी पडतात, आणि सगळीकडं ओल्या लोकरीचा आणि नारिंगाच्या सालीचा वास. माझी मुलगी ईरा तेव्हा नऊ वर्षांची होती आणि घरापेक्षा तिथंच जास्त राहायची.

तिथं मागच्या भिंतीला परभाषांच्या फळ्या आहेत. त्या फळ्या वाचता आल्या, तर गावात कोण कधी आलं ते कुणाला विचारावं लागत नाही. इटालियन पुस्तकं सगळ्यात पिवळी, पाठी मऊ पडलेल्या. कारखान्यात पहिल्यांदा आलेल्यांची. मग तुर्की. मग क्रोएशियन, रशियन, अरबी. युक्रेनियन अजून कोरी, करकरीत. माणसं संकटातून आली की त्यांच्यामागून पुस्तकं येतात. आम्ही संकटातून आलो नाही, लॅपटॉप घेऊन आलो. दोन-चारशे मराठी कुटुंबं या परिसरात राहतात, गणपतीला हॉल पुरत नाही, आणि त्या भिंतीवर आमची वीतभर जागा नव्हती. कुणी मागितलीच नव्हती.

मी मागितली. भाऊ यायच्या आठवडाभर आधी फ्राउ हेबर्लेंच्या टेबलापुढं उभा राहिलो. फ्राउ हेबर्ले, म्हणजे हेबर्लेबाई, या डब्याच्या मुख्य. बुटक्या, राखाडी केसांच्या, गळ्यात दोन चष्मे. एक वाचायचा, एक माणसं बघायचा.

"एक फळी हवी होती," मी म्हटलं. "तीन महिन्यांसाठी. उसनी."

त्यांनी माणसं बघायचा चष्मा लावला. "कशासाठी?"

"वडिलांना दाखवायला."

"आमच्याकडं रिकामी फळी नसते. रिकामी फळी म्हणजे माझी चूक असते." आणि त्यांनी चष्मा बदलला. मुलाखत संपली.

भाऊ फ्रँकफर्टला उतरले ते अंगावर तीन शर्ट घालून. चेक-इनच्या बॅगेत नुसती पुस्तकं. बॅग उचलताना मला कंबरेत कटकन ऐकू आलं. घरी आल्या आल्या त्यांनी ती उघडली. एकतीस खाकी कव्हरं, एकतीस नंबर, आणि प्रत्येकात देणाऱ्याचं नाव: शिंपी, शाळेतल्या बाई, औषधाच्या दुकानाचा मालक. खाली लिहिलेलं, 'जर्मनीतील मराठी कपाटास सप्रेम.'

"उद्या जाऊया," भाऊ म्हणाले.

"भाऊ," मी म्हटलं, "महालाचं रंगकाम चालू आहे."

हे मी ठरवून बोललो नाही. आपोआप आलं. वैशाली, माझी बायको, फोडणी टाकता टाकता थांबली. मोहरी तेवढी तडतडत राहिली.

"छताचं?" भाऊंनी विचारलं.

"छताचंच. परांच्या बांधल्यात. डिसेंबरपर्यंत बंद."

"मग लोक वाचतात कुठं?"

"एक शाखा आहे," मी म्हटलं. "साधीच आहे. तिथं मराठी नाही."

भाऊंनी बॅग बंद केली. ते रंगकाम समजू शकत होते. त्यांच्या वाचनालयाचंही एकदा सहा वर्षं चाललं होतं.

त्यानंतरचे दिवस मला आजही वासासकट आठवतात. भाऊ सकाळी चालायला जात आणि कोटाच्या खिशातून चेस्टनट घेऊन येत, तपकिरी, चकचकीत, नुकतं पॉलिश केल्यासारखे. ते खायचे नसतात हे सांगूनही एक त्यांनी चावून बघितलाच. आमच्या इमारतीत आठवड्याच्या पाळीनं जिना झाडायची पद्धत आहे. दारावर पाटी लटकली की पाळी तुमची. भाऊंनी ती पाटी तीन आठवडे खाली उतरू दिली नाही. तळमजल्यावरची म्हातारी इतकी खूश झाली की तिनं कांद्याचा केक पाठवला. "केकात कांदा?" भाऊ म्हणाले आणि दोन तुकडे खाल्ले. पण मधेच ते खिडकीशी थांबत. गावाकडं दिवाळी अंक यायला लागले असतील, हे मला कळत होतं. अंकांना कव्हरं घालायची, नंबर टाकायचे, वर्गणीदारांची यादी लावायची. निवृत्त झाल्यावरही तो हंगाम त्यांनी एकदाही चुकवला नव्हता. यंदा त्यांनी तो माझ्या कपाटासाठी सोडला होता. आणि माझं कपाट माझ्या तोंडात होतं.

हातांना काम नसलं की माणूस काम शोधतो. एका दुपारी वैशालीचा ऑफिसात फोन आला. "तुझ्या वडिलांनी ईराच्या लायब्ररीच्या पुस्तकांना कव्हरं घातली."

"सगळ्यांना?"

"अकरा. बेकरीच्या पिशव्या कापून. फार सुंदर घातलीत रे, पण..."

पण मी घरी येईपर्यंत ईरानं ती परत टाकूनही दिली होती. दुसऱ्या दिवशी फ्राउ हेबर्लेंचा फोन. "तुमच्या कार्डावरची अकरा पुस्तकं परत आली आहेत. यंत्र म्हणतं आली. मी म्हणते, कुठली? सगळी एकसारखी तपकिरी आहेत आणि पाठीवर काहीतरी कोरलंय."

"तो नंबर आहे. माझे वडील ग्रंथपाल होते."

पलीकडं पुस्तक उलटंपालटं केल्याचा आवाज. मला वाटलं, आता कार्ड रद्द. मग त्या म्हणाल्या, "डिंक कुठं लावलाय ते आम्हाला सापडत नाहीये."

"डिंक नाहीच लावलेला."

"गेनाऊ," त्या म्हणाल्या, "नेमकं तेच. तेच आम्हाला समजत नाहीये."

भांडं फुटलं ते मात्र ब्रुनोच्या दुकानात. त्या रविवारी त्याचा हंगामाचा शेवटचा दिवस होता. शेवटच्या दिवशी ब्रुनो उरलेलं संपवायचं म्हणून एका गोळ्याच्या पैशांत दोन देतो, त्यामुळं चार अंश थंडीत, कानटोप्या घालून, अर्धं गाव रांगेत उभं असतं. भाऊंनी माकडटोपी घातली होती आणि हातात पिस्त्याचा कप. ब्रुनो इटलीचा आहे, हे मी त्यांना स्वतः सांगितलं. माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडतो तेव्हा आधी तो नीट नेम धरतो.

भाऊंनी कोटाच्या आतल्या खिशातून महालाचा छोटा फोटो बाहेर काढला. तो ते सगळ्यांना दाखवत. बसच्या ड्रायव्हरलाही दाखवून झाला होता. ब्रुनोनं बघितला आणि हातातला चमचा टाकून काउंटरच्या बाहेर आला. तो जे बोलला ते जर्मनमधून आणि दोन्ही हातांनी. मी नॅपकिन आणायला गेलो होतो. परत येईपर्यंत त्याचं सगळं सांगून झालं होतं.

"काय म्हणतो गं?" भाऊंनी ईराला विचारलं.

आता ईराचं असं होतं, की मराठी तिला सगळं कळे, पण उत्तर जर्मनमधूनच यायचं. नऊ वर्षं वैशालीनं रागावून, लाडावून, खीर करून बघितली. फोनवर आजोबांशी बोल म्हटलं की "हॅलो, बाय" आणि पसार. त्या दिवशी मात्र तिच्यासमोर जर्मन अजिबात न समजणारा माणूस बसला होता, आणि ब्रुनोचं बोलणं ऐकलेलं आमच्यात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनी सांगितलं, नको. मग तिनं आजोबांकडं बघितलं.

"आजोबा," ती म्हणाली, "हे ब्रुनोच्या गावात आहे. इटलीत. तिथंच त्याचं लग्न झालं आणि त्याची बायको पायरीवर पडली. आपल्या गावात हे नाही आहे. बाबा खोटं बोलला."

माझ्या मुलीनं जन्मात बोललेलं ते पहिलं लांबलचक मराठी. मला लाज वाटावी की पेढे वाटावेत, ते कळेना.

भाऊंनी फोटो पुसून परत खिशात ठेवला. कप संपवला. मग ईराला म्हणाले, "म्हणजे इमारत तरी खरी आहे. त्याला सांग, पिस्ता चांगला आहे."

माझ्याशी ते बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि पुढं नऊ दिवस नाही. रागावून ताट सरकवणं वगैरे भाऊंच्यात नाही. त्यांनी फक्त मला रजिस्टरातून कमी केलं. "ईरा, तुझ्या बापाला विचार, भात घेणार का." "ईरा, बापाला सांग, त्याच्या गाडीला हिवाळ्याची चाकं लावायची तारीख आज आहे." आणि ईरा विचारायची, सांगायची, मराठीतून, कारण माझं उत्तर तिला परत आजोबांकडं न्यायचं असायचं. नऊ दिवस आमच्या घरात माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं डाकसेवा चालवली. वैशाली तर उघडउघड खूश होती. "तुझं खोटं पकडलं गेलं आणि पोरीला तोंड फुटलं," ती म्हणाली. "आणखी काही लपवलं असशील तर लवकर सांग, वाक्यरचना पक्की होईल."

शरदाच्या सुट्टीचा पहिला दिवस. सकाळी भाऊंनी बूट घातले आणि म्हणाले, "ईरा, बापाला सांग बॅग उचल. शाखेत जायचंय."

फ्राउ हेबर्ले दारातच उभ्या होत्या. त्यांनी ईराला विचारलं, "हेच का ते तपकिरी कागदवाले?"

भाऊ म्हणाले, "विचार त्यांना, कव्हरं आवडली का."

"कव्हरं उत्तम. पण पुस्तकं ओळखू येईनात."

"नंबर होता की."

"तो तुम्हालाच वाचता येतो."

भाऊंनी मान हलवली. "चूक माझी. दुसऱ्याच्या वाचनालयात नंबर घालायचा नसतो." मग त्यांनी टेबलावरचं एक जर्मन पुस्तक उचलून एकविसावं पान उघडलं. कोरं. त्यांनी चिंतेनं बाईंकडं बघितलं. "यांना विचार, चोर पकडता कसा?" बाईंनी पुठ्ठ्याखालची चिप दाखवली. मग भाऊंनी त्यांना गुप्त पान समजावून सांगितलं, ईरामार्फत. फ्राउ हेबर्ले गळ्यातले दोन्ही चष्मे एकावर एक लावून ऐकत होत्या. अशा वेळी आपण बाजूला उभं राहून बॅग सांभाळावी, हे मला कळत होतं.

बॅग उघडली. "आल्झो," म्हणजे 'तर मग', बाई म्हणाल्या, आणि बोटांवर मोजायला लागल्या. "ही नेणार कोण? यादीत चढवणार कोण, आमच्यापैकी कुणाला ही लिपी येत नाही. आणि इथला नियम सांगते. जे पुस्तक दोन वर्षांत कुणी नेत नाही, ते ऑक्टोबरच्या जुन्या बाजारात जातं. भेट असो, कुणाची असो."

ईरानं ते सांगितलं. मला वाटलं, संपलं. पण भाऊंचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मीही हेच विचारलं असतं. यादी आम्ही दोघं करू. नेणारे हिचा बाप आणेल. तेवढी थाप तर तो नक्की मारू शकेल."

सुट्टीचा सगळा आठवडा ते दोघं नारिंगी गालिच्यावर बसून होते. भाऊ नाव वाचत, ईरा रोमन अक्षरांत टाइप करी. मग भाऊ गोष्ट सांगत आणि ती जर्मनमध्ये एक ओळ लिही. एका कादंबरीपुढं आजही तिची ओळ आहे: 'एक माणूस विहीर खणतो, पाणी लागत नाही, तरी चांगलं आहे.' मधल्या वेळात भाऊ दोन कर्मचाऱ्यांना घड्या शिकवत. बघायला साडेतीनशे लोक जमले होते. बरं, सात. पण त्यातला एक उपमहापौर होता.

शेवटच्या दिवशी फळी मिळाली. खालून दुसरी, क्रोएशियन आणि फारसीच्या मधली. फळी इतकी खाली की फोटोसाठी भाऊंना गालिच्यावर मांडी घालून बसावं लागलं. विमानतळावर आत जाताना ते वळले आणि थेट माझ्याशी बोलले. "शाखा चांगली आहे तुझी." मी ते टोमणा समजून खिशात घातलं.

फळी अजून आहे. ती सोपी राहिली नाही. पहिल्या वर्षी मीच पुस्तकं नेत होतो आणि परत टाकत होतो, नुसता आकडा हलावा म्हणून. रविवारी भाऊंचा फोन यायचा. "किती गेली?" "चार." "कोणी नेली?" "तीन मी, एक वैशालीनं." "वाचली?" मी विषय हवामानावर नेला. "नेणं म्हणजे वाचणं नव्हे रे." मग वाचायला लागलो. मग सिंडेलफिंगेनचे दोघं-तिघं यायला लागले, श्टुटगार्टचा एक पीएचडीवाला दर महिन्याला ट्रेननं येतो, आणि आता भाऊंना मी आकडा सांगतो तो ब्रेकच्या मोजमापाइतका खरा असतो. त्यांना फुगवून सांगायची माझी हिंमत होत नाही.

आणि आता बस.

पंधरवड्यापूर्वी गावाकडून एका बाईंचा फोन आला. शिंदेबाई, भाऊंच्या जागेवर आलेल्या ग्रंथपाल. वाचनालयाचं काहीतरी प्रदर्शन आहे. "तो महालातला फोटो जरा फिका पडलाय हो. नवीन पाठवा ना. रंगकाम झालं असेल आता?"

"कुठलं रंगकाम?" मी म्हटलं, आणि तिथंच जीभ चावली.

"छताचं. भाऊंनी सगळं सांगितलंय आम्हाला. त्या झिजलेल्या पायऱ्या, ढगांतल्या बायका. त्यांची तर वर बघून बघून मान धरली होती म्हणे."

मी भाऊंना फोन लावला. "भाऊ, तुम्ही त्यांना फळीचा फोटो दाखवलाच नाहीत?"

"दाखवला की. त्याशेजारीच लावलाय. खाली लिहिलंय, 'शाखा.'"

"आणि महाल?"

"महालाचं रंगकाम चालू होतं," भाऊ शांतपणे म्हणाले. सदतीस वर्षं खाडाखोड नसलेल्या माणसाच्या आवाजात. "तूच सांगितलंस ना? मी एवढ्या लोकांदेखत मुलाला खोटं पाडू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या कानानं काही वेगळं ऐकू येतं का ते बघायला.

"आता ऐक," भाऊ म्हणाले. "फळीवरचं एक पुस्तक उचल, विहिरीचं. रीतसर मागून घे त्या बाईंकडून. आणि मुख्य कार्यालयात, त्या महालात, ठेवून ये. एक तरी तिथं असू दे. रजिस्टरात मी नोंद केली आहे."

"पुस्तक जायच्या आधी?"

पलीकडून खोकल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

फ्राउ हेबर्लेंनी पुस्तक दिलं. कारण विचारून घेतलं, दोन्ही चष्मे लावून ऐकलं, आणि मग इटलीतल्या बहीणगावाच्या ग्रंथपालांना चिठ्ठीही दिली. शनिवारच्या बसमध्ये मला आणि ईराला दोन जागा मिळाल्या आहेत, गायनमंडळाच्या मागं. जुनं कव्हर हाताळून मऊ झालं होतं, म्हणून काल स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी नवीन घालायला बसलो. माझी घडी तिरकी आली. ईरा आता बारा वर्षांची आहे; तिनं पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं आणि कडेला नखानं रेघ मारली, अगदी भाऊ मारतात तशी.

"तिथल्या बाईंना काय सांगायचं?" तिनं विचारलं. "हे का ठेवून घ्यायचं म्हणून?"

"खरं असेल ते सांगू."

तिनं शेवटची घडी आत खोचली आणि विचार केला. "खरं फार लांब आहे, बाबा," ती म्हणाली. "मी एवढंच सांगते, की हे आधीपासून तुमच्याकडंच आहे. आमच्या रजिस्टरात तसं लिहिलंय."